बिनकाट्यांचं घड्याळ

"उद्या किती वाजता यायचं?"

एवढाच प्रश्न. चार शब्दांचा. पण ढापणीने तो काढला आणि लंबूने टकळीकडे बघून भुवया उडवल्या. "विचारशील? सगळ्यांसमोर? पाहुण्यांसमोर? वाळूसाहेबांच्या तोंडावर?"

"हात्तिच्या!" टकळी म्हणाली. "त्यात काय!"

"त्यात काय म्हणणारे आयत्या वेळी पाणी प्यायला जातात," ढापणी चष्मा पुसत म्हणाली.

"लाव पैज."

"लावली. नाही विचारलंस तर आयुष्यभर आम्ही तुला मुकी म्हणणार."

टकळीला मुकी म्हणणं म्हणजे धरणाला डबकं म्हणणं. बाळपणी ती आधी बोलायला शिकली आणि मग रडायला, असं तिची आई सांगायची. तिघी तिच्या बाबांच्या काचेच्या दुकानामागे रिकाम्या खोक्यांवर बसल्या होत्या. पलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे त्यांची शाळा. म्हणजे शाळा आहे असं सगळे म्हणायचे. दिसत नव्हती. दिसायची ती वाळूची पोती.

झालं असं होतं की टेकडीपलीकडून तोफा सुरू झाल्या त्याच आठवड्यात गावात 'कन्या शाळा संरक्षण समिती' स्थापन झाली. समितीचे अध्यक्ष वाळूसाहेब. खरं नाव वेगळं, पण जिथे जातील तिथे आधी वाळू टाकायला सांगत, म्हणून हे नाव पडलं. साहेबांनी शपथ घेतली की मुलींच्या शाळेच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. आणि खरंच, माणूस शब्दाचा पक्का. शाळेभोवती पोत्यांची भिंत उठली. भिंतीला पहारेकरी आले. पहारेकऱ्यांना राहायला जागा हवी, म्हणून वर्ग रिकामे झाले. दारं पक्की हवीत, म्हणून बाकं दारांना आडवी लागली. खिडक्या बुजवायला ग्रंथालयातली पुस्तकं रचली, खाली भूगोल, वर इतिहास. प्रयोगशाळेत दोरीवर पहारेकऱ्यांचे बनियन वाळायला लागले, आणि तिथल्या सांगाड्याच्या डोक्यावर कुणीतरी शिरस्त्राण ठेवलं, कारण संरक्षण सगळ्यांना. फाटकावर ठळक पाटी लागली: 'शिक्षण हा प्रत्येक मुलीचा हक्क आहे. आत येऊ नये.'

"शाळेवर एक तरी हल्ला झाला?" साहेब चौकात भाषण ठोकायचे. "नाही! शाळेत एका तरी मुलीला खरचटलं? नाही! वर्षभरात एक तरी मुलगी नापास झाली?"

नाही, हे खरंच होतं. परीक्षाच झाली नव्हती. टेकडीपलीकडचेही म्हणे तिकडच्या मुलींच्या शाळांचं असंच कडेकोट रक्षण करत होते.

टकळीचं घर या रक्षणात दोन्ही हातांनी गुंतलेलं. आई दिवसभर दाभण आणि सुतळी घेऊन वाळूसाठी गोणपाटाच्या पिशव्या शिवायची. तिच्या शेजारी बसून गणिताच्या बाईही शिवायच्या, कारण शाळा बंद झाल्यावर बाईंना दुसरं काय काम? बाबा काच बसवायचे. तोफा सुरू झाल्यापासून त्यांच्याइतकं काम गावात कुणाला नव्हतं. आज बसवलेली काच परवा पुन्हा बसवावी लागे. स्वतःच्या घराच्या खिडकीला मात्र त्यांनी पुठ्ठा लावला होता. "घरी तरी मला काचेचा आवाज नको," म्हणायचे.

आणि याच बाबांनी ठरवलं होतं की टकळीला मामाकडे पाठवायचं. मामाचं गाव लांब, डोंगरात. तिथे तोफा नव्हत्या. तिथे शाळाही नव्हती. मामीला मात्र गोठ्यात हाताखाली कुणीतरी हवंच होतं.

"थोडे दिवस गं," आई म्हणायची. "सगळं निवळलं की परत."

"निवळलं की म्हणजे कधी?"

"निवळलं की."

टकळीला हे उत्तर मुळीच आवडलं नाही, पण उत्तर देताना आईने एकाच भोकात तीनदा दाभण घातलं, म्हणून तिने तेवढ्यापुरतं तोंड आवरलं. दहावीचं वर्ष अर्ध्यात तुटलेलं. इथे निदान शाळा समोर दिसत तरी होती. म्हणजे पोती दिसत होती.

आणि मग एक दिवस खुद्द वाळूसाहेब दुकानात आले.

"काचवाले, खूशखबर! दूर देशाहून पाहुणे येतायत. आपलं संरक्षण बघायला. फोटोवाले घेऊन. एका वर्गाला काचा हव्यात. एकाच. फोटोत तेवढाच येणार."

"बाकीच्या वर्गांना?" बाबांनी विचारलं.

"बाकीचे सुरक्षित आहेत," साहेब म्हणाले. मग त्यांची नजर टकळीवर गेली आणि चेहरा एकदम गोड झाला. "ही दहावीची ना? बेटा, तुला शाळेत यायला आवडेल?"

टकळी ताडकन उठून उभी राहिली.

"परवा. एका सकाळपुरतं," साहेब पुढे म्हणाले. "वर्गात मुली बसलेल्या दिसल्या पाहिजेत. पाहुण्यांनी विचारलं की तू उभी राहून म्हणायचंस, आम्हाला इथे खूप सुरक्षित वाटतं. बस. पुढे काय घडायचं ते मी बघतो."

आई आतून बाहेर आली. तिला ते मुळीच पसंत नव्हतं. पण साहेबांपुढे नाही कसं म्हणायचं? शेवटी बाबा पुट्टीचे हात पुसत म्हणाले, "एक सकाळ. जाऊ दे तिला, एकदा डोळे भरून शाळा बघू दे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामाकडे."

म्हणूनच तो प्रश्न. म्हणूनच ती पैज.

त्या सकाळी फाटकावरची 'आत येऊ नये' ही ओळ खडूने झाकली होती. पहारेकऱ्यांनी दारांची बाकं सोडवून एका वर्गात मांडली होती. मोठ्या मुली कमी पडल्या, म्हणून हवालदाराने गल्ल्यांतून फिरून लहान लहान पोरीही गोळा करून आणल्या. त्यांतल्या काहींनी जन्मात शाळा पाहिली नव्हती. एक चिमुरडी बाकावर पाय लोंबकळत ठेवून बसली आणि तिने टकळीला कुजबुजत विचारलं, "ताई, आता काय होतं?"

"आता शिकवतात."

"दुखतं?"

"थोडंसं," टकळी म्हणाली. "गणिताच्या तासाला."

गणिताच्या बाई आल्या. आईशेजारी बसून गोणपाट शिवणाऱ्या बाई वेगळ्या आणि फळ्यासमोरच्या वेगळ्या. त्यांनी फळ्यावरून हात फिरवला, जसं कुणी लांबून परत आलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा.

"बाई, एक लक्षात ठेवा," साहेब म्हणाले. "शिकवू नका. शिकवल्यासारखं करा. उगाच मुलींना काही येत नाही असं दिसायला नको."

"शिकवल्यासारखं करणं मला जमत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "त्याचं प्रशिक्षण आम्हाला दिलेलं नाही."

साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण पाहुणे आले होते. उंच, पिकल्या केसांच्या एक पाहुण्या बाई, त्यांच्याबरोबर कॅमेरे आणि एक चकाचक दुभाषा. साहेबांनी पोती दाखवली. पोत्यांमागची पोती दाखवली. "मुलींचं शिक्षण हा आमचा श्वास आहे," ते म्हणाले. "वर्षभर रोखून धरलाय आम्ही." दुभाष्याने ते सांगितलं. पाहुण्या बाई मान डोलावून कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

सगळं कसं झकास चाललं होतं. मग साहेबांना सुरसुरी आली.

"शाळा म्हटलं की घंटा हवी!" ते म्हणाले. "शिपाईकाका, जा, घंटा वाजवा. शाळेची वाजवायचे तशीच."

आता या घंटेची गोष्ट अशी. गावाचा भोंगा पहिल्याच महिन्यात बंद पडला होता. धोक्याची सूचना द्यायची कशाने? गावात दूरवर ऐकू जाईल अशी एकच गोष्ट होती, शाळेची पितळी घंटा. समितीने ती काढून पाण्याच्या टाकीवर टांगली. तेव्हापासून घंटा झाली की गावाने हातातलं टाकून तळघराकडे पळायचं, हा नियम. तान्ही पोरंसुद्धा घंटा ऐकली की आईच्या गळ्याला मिठी मारायची.

हा नियम कुणी काढला होता? वाळूसाहेबांनी.

"साहेब, नक्की?" शिपाईकाकांनी विचारलं.

"नक्की! आणि जोरात! कॅमेऱ्यात आलं पाहिजे!"

शिपाईकाका टाकीवर चढले. आणि वर्षभर मनात साठवलेली दहाची, मधल्या सुट्टीची, शाळा सुटल्याची सगळी घंटा त्यांनी एका दमात बडवून काढली.

पुढे जे झालं त्याला पळता भुई थोडी म्हणतात. रस्त्यावर दुकानांची दारं धडाधड आपटली. पहारेकऱ्यांनी वाळत घातलेले बनियन तसेच सोडून मैदान ओलांडलं. हवालदार मोठा कर्तव्यदक्ष माणूस, त्याने पाहुण्या बाईंना दंडाला धरलं आणि दुभाष्याला कॉलरला, आणि दोघांना फरफटत मैदानापलीकडच्या, शाळेच्याच तळघरात नेलं. फोटोवाल्यांना सांगावंच लागलं नाही. आणि सगळ्यांच्या पुढे, कोट सावरत, टोपी सांडत, कोण पळत होतं? स्वतःच वाजवायला लावलेली घंटा ऐकून वाळूसाहेब! सवय हो, दुसरं काय.

लहान पोरी उठून रडायला लागल्या. लंबूने एकीला उचललं, टकळीने दोघींना बाकावर परत बसवलं. "अगं, शाळेची घंटा आहे ही! शाळेची! साहेबांनीच सांगितलंय, आपण ऐकलं ना?"

एका क्षणात इमारत रिकामी झाली. कन्या शाळेत आता फक्त कन्या उरल्या. आणि बाई.

बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. टेकडीकडे कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. मग त्यांनी दार लोटलं, खडू उचलला आणि वर्गाकडे वळल्या.

"घंटा झाली ना? मग तास सुरू."

फळ्यावर वर्गसमीकरण उमटलं. बाईंच्या बोटांवर दाभण टोचल्याचे व्रण होते, पण अक्षर तेच, मोत्यासारखं. लहान पोरींना त्यांनी ढापणीच्या हवाली केलं आणि बाकांवर बोटांनी एक ते दहा आकडे गिरवायला लावले, कारण बाकांवर धूळ भरपूर होती. मग म्हणाल्या, "टकळे, ये फळ्यावर. सोडव."

टकळी ऐटीत उठली. हे तिचं आवडतं. वर्षापूर्वी तिने अशी गणितं डोळे मिटून सोडवली होती. तिने पहिली पायरी लिहिली. दुसरी लिहिली. आणि तिसऱ्या पायरीशी घोडं अडलं.

तिने पुन्हा पाहिलं. काहीच आठवेना. जिथे सूत्र असायचं तिथे नुसती पांढरी जागा.

"विसरलीस?" बाईंनी हळूच विचारलं.

"विसरले."

तोफा सुरू झाल्या तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती. तोफ निदान आवाज करून येते. हे कधी गेलं, कळलंसुद्धा नाही. वर्षभरात कुणीतरी तिच्या डोक्यातून एक एक गोष्ट अलगद काढून नेली होती, आणि ती आपली खोक्यावर बसून गप्पा हाणत होती. मामाकडे गेलं तर उरलंसुरलंही जाईल. मग कधीतरी 'निवळेल', आणि ती परत येऊन याच फळ्यासमोर उभी राहील, आणि पहिली पायरीही येणार नाही.

"खाली बसू नकोस," बाई म्हणाल्या. "उभी राहा. आठव."

ती उभी राहिली. मागून लंबू सूत्र पुटपुटायला लागली, बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि लंबू बुटकी झाली. टकळीने डोळे मिटले. मग कुठून तरी, फार खोलातून, सूत्र खरडत खरडत वर आलं. तिने ते लिहिलं. उत्तर आलं. बाईंनी त्यापुढे बरोबरची खूण केली, आणि त्या खुणेशी खडू जरा जास्तच वेळ रेंगाळला.

तोवर तळघरातल्या मंडळींच्या लक्षात घोटाळा आला होता. अंगावर जाळीजळमटं घेऊन सगळे वर आले. "हा आमचा सुरक्षा सराव होता!" साहेब धापा टाकत सांगत होते. "आधी न सांगता घेतलेला!" दार उघडून आत बघतात तो काय, संरक्षण करणारे सगळे बाहेर आणि वर्ग भरलेला, चाललेला! फळा भरलेला! चिमुरडी मोठ्याने "सात!" म्हणत होती. पाहुण्या बाई दारातच थबकल्या. यावेळी त्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्या नाहीत.

साहेबांनी टकळीला डोळ्याने खुणावलं. आता तुझं वाक्य.

लंबूने तिला कोपर मारलं. आता तुझा प्रश्न.

टकळी फळ्यापाशीच उभी होती. तिला वाटलं होतं, विचारताना हसू आवरणार नाही. पण हसू कुठल्या कुठे गेलं होतं. आता तिला पैज जिंकायची नव्हती. तिला उत्तर हवं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "उद्या किती वाजता यायचं?"

पाहुण्या बाईंनी दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने साहेबांकडे पाहिलं. मग त्याने घसा खाकरून पाहुण्यांच्या भाषेत एक लांबलचक वाक्य सोडलं. पाहुण्या बाईंनी छातीवर हात ठेवला.

ढापणी घरी रेडिओ ऐकून ऐकून ती भाषा थोडी शिकली होती. ती पुढे वाकून कुजबुजली, "अगं, हा म्हणतोय तू साहेबांचे आभार मानलेस!"

"डोंबल आभार!" टकळीच्या तोंडून निघून गेलं.

साहेब घाईघाईने म्हणाले, "चला, चला, चहा थंड होतोय."

पाहुणे वळायला लागले. आणि टकळीने, जिच्या आयुष्यात आजवर प्रत्येक प्रश्न बडबडीने सुटला होता, तिने पहिल्यांदाच तोंड बंद केलं. डस्टरने फळ्याची एक बाजू पुसली. मोठं गोल वर्तुळ काढलं. त्यात एक ते बारा आकडे घातले. घड्याळ झालं. काटे काढले नाहीत. खाली बाकांवर बसलेल्या मुलींची ओळ काढली, रेघांचे हातपाय, दोन दोन वेण्या. शेजारी उगवता सूर्य. आणि भलंमोठं प्रश्नचिन्ह. मग ती पाहुण्या बाईंपुढे गेली आणि खडू त्यांच्या तळहातावर ठेवला.

पाहुण्या बाईंनी घड्याळ पाहिलं. सूर्य पाहिला. दुभाषा काहीतरी बोलायला गेला, तर त्यांनी त्याला बोटाने गप्प केलं. त्या सावकाश चालत वाळूसाहेबांपाशी आल्या आणि खडू त्यांच्यापुढे धरला.

कॅमेरे पुढे सरकले.

साहेबांची त्रेधा काय वर्णावी! "हे म्हणजे... समितीची बैठक... परिस्थिती..." एकीकडे ततपप, दुसरीकडे कॅमेऱ्याचा प्रकाश तोंडावर. कॅमेऱ्यासमोर साहेबांना आजवर नाही म्हणता आलं नव्हतं. त्यांनी खडू घेतला. आठावर छोटा काटा काढला आणि बारावर मोठा. सराव नसल्यामुळे काटे जरा वाकडे आले.

"आठ!" चिमुरडी ओरडली. आकडे ती नुकतीच शिकली होती, आणि शिकलेलं दाखवायची एक संधी सोडायची नाही, हे तिला कुणी न शिकवताच कळलं होतं.

"फळा कुणीही पुसायचा नाही," बाई म्हणाल्या. त्या मुलींकडे बघत नव्हत्या. हवालदाराकडे बघत होत्या. हवालदाराने नकळत "हो बाई" म्हटलं. तोही लहानपणी कुणाच्या तरी बाईंच्या वर्गात बसला असणार.

घरी आली तेव्हा आई मामाकडे न्यायची पिशवी भरत होती. गोणपाटाचीच पिशवी, आईने स्वतः शिवलेली, काठ दुमडून दुहेरी टाका घातलेला. बाबा खिडकीचा पुठ्ठा नीट बसवत होते.

"झाली हौस?" बाबा म्हणाले. "घंटेने जीव घेतला आज. मी अख्ख्या काचेच्या तावावर बसलो."

"उद्या गाडी सकाळी आहे," आई म्हणाली. "लवकर झोप. स्वेटर वर ठेवलाय."

टकळीने स्वेटर काढला आणि घडी घालून फळीवर ठेवला. मग फ्रॉक काढला. मग फणी. आई बघत राहिली.

"हे काय चाललंय?"

"आई, मी आज गणित विसरले होते."

"मग काय झालं? विसरतं माणूस."

"माणूस विसरतं, पण मी नाही विसरत. तुला ठाऊक आहे ना? मला भीती वाटली. खरीखुरी."

बाबांनी पुठ्ठा सोडला. "आणि तिथे काही झालं तर? वर्गात असताना गोळा आला तर? तेव्हा गणित काय कामाचं?"

"बाबा, अख्ख्या गावाची वाळू तिकडे आहे. आईने शिवलेली पोती तिकडे आहेत. तळघर सगळ्यात खोल तिकडचं. आज पाहुण्यांना कुठे लपवलं? शाळेत! आपल्या खिडकीला तर पुठ्ठा आहे. वर्षभर सगळ्यांनी मिळून गावातली सगळ्यात सुरक्षित जागा बांधली, आणि आम्हाला तेवढी तिच्या बाहेर ठेवली."

आईने हातातली पिशवी गादीवर ठेवली. बाबा खिडकीच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "मी उद्या मामाकडे जाणार नाही. मी आठ वाजता शाळेत जाणार. साहेबांनी काटे पुसले असतील तर फाटकाशी उभी राहून पुन्हा विचारणार. परवाही जाणार, तेरवाही जाणार. भीती वाटली तरी जाणार. आणि आई, ही पिशवी वाळूची नाही हं, तिला पट्टा लाव. मला दप्तर हवंय."